दरेकसात नव्या घरात राहायला जाताय? वीज, गॅस आणि सौर जोडणीची संपूर्ण माहिती

नवं घर बघताना आपण छप्पर बघतो, पाणी बघतो, मशीद आणि मुलांची शाळा किती लांब ते विचारतो. विजेचं मीटर मात्र सामान उतरवून झाल्यावर, पहिल्या संध्याकाळी आठवतं. आणि मग कळतं की मीटर जुन्या मालकाच्या वडिलांच्या नावावर आहे, वर्षभरापूर्वी लाईन कापलेली आहे आणि मागची थकबाकी कोणी भरायची यावर दोन्हीकडून हात वर.

त्यात मुंबईचे नातेवाईक फोनवर विचारतात, "तुम्ही वीज कोणाची घेणार, अदानीची की टाटाची?" सालेकसा तालुक्यातल्या दरेकसात या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत संपतं: महावितरणची. दुसरी कंपनी नाही. पण म्हणून निवडायला काहीच उरत नाही असं समजू नका. जोडणी कोणाच्या नावावर, जुनी की नवी, कोणत्या वर्गात, गॅस कोणत्या एजन्सीचा, छतावर सौर पॅनल बसवायचे की नाही, हे सगळं तुमच्याच हातात असतं. खरा पैसा इथेच वाचतो किंवा जातो. म्हणून ही माहिती आम्ही एका जागी देत आहोत.

कंपनी का निवडता येत नाही?

महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचं जून २००५ मध्ये विभाजन झालं आणि वितरणाचं काम महावितरणकडे आलं. मुंबईचा बराचसा भाग सोडला तर जवळपास सगळ्या राज्यात हीच कंपनी वीज देते. मुंबई शहरात बेस्ट आहे. उपनगरांत टाटा आणि अदानी (२०१८ पर्यंत रिलायन्स) या दोन कंपन्या आहेत. तिथे २००९ पासून ग्राहकाला एका कंपनीकडून दुसरीकडे जाता येतं, ते राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशामुळे. मुलुंड-भांडुपमध्ये मात्र मुंबईत असूनही महावितरणच आहे.

भिवंडीत तर टोरंटचं बिल येतं, मालेगावात वेगळी कंपनी आहे, मग तिथे निवड आहे का? नाही. भिवंडीत २००७ पासून आणि मुंब्रा-शीळ-कळवा भागात २०२० पासून टोरंट आहे, मालेगावात २०२० पासून मालेगाव पॉवर सप्लाय आहे. या महावितरणने नेमलेल्या फ्रँचायझी आहेत. मीटर वाचणं, बिल देणं, वसुली करणं हे काम त्यांचं. पण दर आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच. आपल्या नागपूरच्या काही भागातही २०११ ते २०१९ अशी फ्रँचायझी होती, नंतर काम पुन्हा महावितरणकडे आलं. त्यामुळे त्या शहरांतून इकडे बदलून येणाऱ्या कुटुंबांनी "तिकडचा दर वेगळा होता" असं समजून हिशोब करू नये.

वीज कायदा २००३ प्रमाणे एकाच भागात दुसऱ्या कंपनीला परवाना मिळू शकतो. पण तिने स्वतःचे खांब, तारा, डीपी उभारायच्या असतात. जंगल-डोंगराच्या, विखुरलेल्या वस्तीच्या भागात तो खर्च कोण करणार? खुल्या बाजारातून वीज घेण्याची सोय कायद्यात आहे, पण ती मोठ्या ग्राहकांसाठी, घरगुती मीटरसाठी नाही.

सीमेची एक गोष्टही लक्षात ठेवा. रेल्वेने दरेकसा सोडलं की लगेच छत्तीसगड लागतं. डोंगरगडच्या नातेवाइकांना छत्तीसगडची सरकारी वितरण कंपनी वीज देते आणि बालाघाटकडच्यांना मध्य प्रदेशची. छत्तीसगडमध्ये २०१९ साली घरगुती बिल अर्धं करण्याची योजना आली, तिच्या अटी नंतर बदलत गेल्या. ती त्या राज्यापुरती आहे. दर आणि सवलत घर ज्या राज्यात उभं आहे त्यावर ठरतात, सोयरीक कुठे आहे त्यावर नाही.

इसार देण्याआधी मीटरची चौकशी

जुनं घर विकत घेत असाल तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. मागच्या मालकाने वीजबिल थकवलं असेल तर ते "त्याचं तो बघेल" असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान प्रकरणात स्पष्ट केलं की राज्याच्या वीज नियमांत तशी तरतूद असेल तर त्याच जागेवर नवी जोडणी देताना कंपनी जुनी थकबाकी भरण्याची अट घालू शकते. महाराष्ट्राच्या वीज पुरवठा संहितेतही थकबाकीचा बोजा जागेवर राहण्याची तरतूद आहे. म्हणजे घराबरोबर बिलही विकत घेतल्यासारखं होतं.

म्हणून सौदा पक्का करण्याआधी एवढं करा:

१. विक्रेत्याकडून शेवटचं वीजबिल मागा. त्यावर बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट असतं. हे दोन आकडे टाकले की महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर बाकी किती ते दिसतं.

२. बिल सापडत नसेल, मीटर काढून नेलेलं असेल किंवा नुसती सर्व्हिस वायर लोंबकळत असेल तर सालेकसाच्या महावितरण कार्यालयात जाऊन विचारा. जोडणी कायमची खंडित झाली असेल तर थकबाकी ऑनलाईन नीट दिसेलच असं नाही.

३. बिलावर रीडिंगच्या जागी "लॉक", "फॉल्टी" किंवा "आरएनए" असं लिहिलंय का ते पाहा. म्हणजे रीडिंग न घेता सरासरीने बिल आलं आहे. बंद घरात हे हमखास होतं. अशा वेळी मीटरवरचा खरा आकडा विक्रेत्यासमोर मोबाईलमध्ये तारखेसह टिपून ठेवा.

४. बाकी असेल तर ती सौद्याच्या रकमेतून वळती करा आणि इसारपत्रातच तसं लिहा. तोंडी शब्दावर राहू नका. व्यवहार लिहून ठेवणं ही तर आपल्या दीनचीच शिकवण आहे. भाऊबंदांमधल्या सौद्यात "आपल्यातच आहे" म्हणून लिहिलं जात नाही आणि पुढे त्याच कारणाने बोलणं बंद होतं.

थकबाकी फार जुनी असेल तर घाबरून सगळी भरूही नका. कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे दोन वर्षांपेक्षा जुनी बाकी, ती सतत बिलात दाखवलेली नसेल, तर लाईन कापून वसूल करता येत नाही. कायमच्या खंडित ग्राहकांसाठी महावितरण मधूनमधून अभय योजना आणतं. २०२४ मधल्या योजनेत मूळ रक्कम भरल्यास व्याज आणि विलंब आकार माफ होत होता. सध्या अशी योजना चालू आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा. व्याजाचा पैसा द्यावा लागू नये असं वाटणाऱ्यांसाठी तर ही चौकशी दुप्पट कामाची.

नवी जोडणी: कागद किती, दिवस किती?

नवीन बांधलेल्या घरासाठी अर्ज ऑनलाईन करता येतो किंवा कार्यालयात. केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांप्रमाणे १० किलोवॅटपर्यंतच्या जोडणीला मुळात दोनच पुरावे लागतात: एक ओळखीचा आणि दुसरा त्या जागेच्या मालकीचा किंवा ताब्याचा. गावात दुसऱ्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, घरटॅक्सची पावती किंवा रजिस्ट्री चालते. शिवाय वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट परवानाधारक कंत्राटदाराकडून घ्यावा लागतो. तो घेताना अर्थिंग आणि गळती रोखणारा स्विच बसवलाय का हे स्वतः पाहा. पावसाळ्यात ओल्या भिंतीतून शॉक बसतो तेव्हा तोच जीव वाचवतो.

मुदतीबद्दल: फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलले. महानगरात ३ दिवस, नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस, ग्रामीण भागात १५ दिवस आणि डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवस. पण खांब किंवा डीपी नव्याने उभारायची असेल तर ते काम झाल्यावरच जोडणी मिळते. त्यामुळे गावाबाहेर, रस्त्यापासून आत प्लॉट घेताना शेवटचा खांब किती लांब आहे ते पावलांनी मोजा. स्वस्त प्लॉट अनेकदा इथेच महाग पडतो.

पैसे फक्त डिमांड नोटवर भरा आणि पावती घ्या. "साहेबांशी बोलून लवकर करून देतो" म्हणणाऱ्याच्या हातात रोख देऊ नका. डिमांडमध्ये सुरक्षा ठेवही असते. तिच्यावर दरवर्षी व्याज मिळतं आणि ते बिलातून वळतं होतं. व्याजाची रक्कम स्वतःसाठी वापरायची नसेल तर बिलात तेवढा आकडा वेगळा दिसतो. तिचं काय करावं ते आपल्या भागातल्या आलिमांना विचारा.

भाड्याने राहत असाल तरी हक्क आहे. कायद्यात जागेचा मालक "किंवा ताबा असलेला" अर्ज करू शकतो असं म्हटलंय. बदलीवर आलेले शिक्षक, रेल्वे कर्मचारी, दुकानदार यांनी भाडेकरार लेखी ठेवावा. सबमीटर असेल तर राहायला आल्याच्या दिवशीचं रीडिंग करारात लिहून घ्यावं.

आणि जोडणी मिळेपर्यंत? शेजाऱ्याच्या मीटरवरून वायर ओढणं किंवा तारेवर आकडा टाकणं, दोन्ही टाळा. आकडा म्हणजे सरळ चोरी. कलम १३५ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. वलीमा असो की घराचं बांधकाम, त्यासाठी तात्पुरती जोडणी रीतसर मिळते. नव्या घरातला पहिला दिवा हलाल विजेचा असावा, एवढंच आमचं म्हणणं.

मीटर कोणाच्या नावावर?

घर घेतलं, रजिस्ट्री झाली, पण मीटर जुन्याच नावावर ठेवलं, असं घरोघरी दिसतं. बिल भरत राहिलं की वीज येत राहते, त्यामुळे घाई वाटत नाही. अडचण पुढे येते: सौर अनुदान मागताना, तक्रार करताना, भार वाढवताना. नावबदलाचा अर्ज रजिस्ट्रीनंतर लगेच टाका.

वारसाच्या घरात आणखी एक गैरसमज असतो. अब्बांच्या इंतकालनंतर एक भाऊ मीटर स्वतःच्या नावावर करून घेतो आणि बाकीच्यांना, विशेषतः बहिणींना वाटतं की घर गेलं. तसं नसतं. वीजबिल मालकीचा पुरावा नाही. मीटर कोणाच्याही नावावर असलं तरी शरीअतप्रमाणे ज्याचा-जिचा जो हिस्सा आहे तो तसाच राहतो. नावबदलासाठी मृत्यू प्रमाणपत्र आणि इतर वारसांची संमती लागते. संमतीच्या कागदावर सही करताना तो फक्त वीज जोडणीपुरता आहे ना, हे भगिनींनी वाचून घ्यावं. हक्कसोड पत्र वेगळं असतं.

याच कारणाने दरेकसासारख्या आदिवासीबहुल भागात जास्त सावध राहा. आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीला विकत देता येत नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे त्यासाठी शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार रद्द होऊन जमीन मूळ मालकाकडे जाऊ शकते, आणि ते योग्यच आहे. "आधी मीटर तुमच्या नावावर करून देतो, मग बघू" असं कोणी म्हटलं तर त्या मीटरने तुमची एक इंचही जमीन होत नाही. आधी सातबारा बघा, मग बाकीचं.

घरातच शिलाई, किराणा: बिल कोणतं?

आपल्याकडे पुढच्या खोलीत छोटं दुकान आणि मागे घर, किंवा घरात शिलाई मशीन हे नेहमीचं आहे. अशा घराला लगेच व्यापारी दर लागतो का? आयोगाच्या दर आदेशाप्रमाणे घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत, वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल तर दर घरगुतीच राहतो. त्यापुढे गेलात तर व्यापारी दर येतो. दुकानात मोठा फ्रीज ठेवायचा असेल तर वेगळं मीटर घेऊन हिशोब करा.

घरगुती बिलाचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. टप्पा ओलांडला की वरच्या युनिटला जास्त दर लागतो, सगळ्या युनिटला नाही. पहिल्या शंभरच्या आत किंवा जवळ राहणं हाच सर्वात मोठा "स्वस्त पुरवठादार". घरच्या लाईनवर धानाच्या शेताचा पंप चालवू नका. शेतीपंपाची जोडणी वेगळी असते आणि असा वापर कलम १२६ मध्ये अनधिकृत ठरून दंडाचं बिल येऊ शकतं.

गॅस: इथे खरी निवड आहे

घरगुती सिलिंडर तीन सरकारी कंपन्या देतात: इंडेन, भारत गॅस आणि एचपी. किंमत साधारण सारखीच असते, त्यामुळे कंपनीच्या नावापेक्षा एजन्सी बघा. गाडी दरेकसापर्यंत येते का, आठवड्यातून किती वेळा येते, पावसात काय करतात, घरपोच देतात की नाक्यावरून उचलावं लागतं? हे कंपनीला नाही, शेजारणींना विचारा. त्यांच्याइतकं खरं कोणी सांगणार नाही.

आधीचं कनेक्शन असेल तर नवं घेऊ नका, ते इथे हलवून घ्या. दूरच्या गावाहून येताना जुन्या एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून कागद घ्यायचा आणि तो नव्या एजन्सीत दाखवायचा. तिथली सेवा पटली नाही तर भागातल्या दुसऱ्या एजन्सीकडे जाण्याची सोय २०१४ पासून देशभर आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत गरीब घरातल्या महिलेच्या नावावर कनेक्शन मिळतं. घरात आधीच कोणाच्या नावावर कनेक्शन असेल तर मात्र मिळत नाही.

सिलिंडर घेताना दोन गोष्टी पाहा. वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यापैकी अक्षर आणि वर्ष असतं. "बी-२७" म्हणजे त्याची तपासणी जून २०२७ पर्यंत चालते, त्यानंतर तो घेऊ नका. आणि वजन: रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असलाच पाहिजे, मागायला लाजू नका. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण न दाबता खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

छतावरचं सौर: स्वतःच पुरवठादार व्हा

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळतं. एक किलोवॅट पॅनल महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट देतं आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते.

यात तुमची निवड म्हणजे विक्रेता. तो योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला असावा आणि पाच वर्षांची देखभाल लेखी द्यावी. जवळचा असेल तर बरं, कारण दुरुस्तीला तोच येणार. आता तीन गोष्टी विक्रेते सहसा आपणहून सांगत नाहीत. पहिली, कवेलूच्या छपरावर पॅनल सरळ बसत नाही, वेगळा लोखंडी सांगाडा लागतो आणि खर्च वाढतो. दुसरी, बॅटरी नसलेलं सौर लाईट गेली की बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. जंगलातून येणाऱ्या लाईनवर पावसाळ्यात फांदी पडून वीज जाते तेव्हा ते अंधार हटवणार नाही. सहेरीच्या वेळी दिवा हवा असेल तर इन्व्हर्टर-बॅटरी वेगळी. तिसरी, अनुदान जास्त मिळतं म्हणून तीन किलोवॅट घेऊ नका. वापर शंभर युनिट असेल तर एक किलोवॅट पुरतं. जास्तीचं घेणं हाही इसराफच.

बँका यासाठी कमी व्याजाचं कर्ज देतात. व्याज टाळायचं असेल तर आधी एक किलोवॅटने सुरुवात करा आणि पैसे साठले की वाढवा. किंवा घरातल्या, जमातीतल्या कोणाकडून कर्ज-ए-हसना घ्या आणि अनुदान खात्यात येताच आधी ते फेडा.

तक्रार कुठे करायची?

लाईट गेली तर १९१२ किंवा १८००-२१२-३४३५. तक्रारीचा नंबर लिहून ठेवा. बिल चुकीचं असेल तर आधी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे सुटलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणी निवारण मंच आहे, जिथे घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायचं असतं. त्यावर नागपूरचे विद्युत लोकपाल. थकबाकीसाठी लाईन कापायची असेल तर कंपनीने आधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायला हवी. नोटीस नसेल तर तेच तुमच्या अर्जातलं पहिलं वाक्य असू द्या.

राहायला जाण्याआधी हे तपासा

• शेवटचं बिल पाहिलं, बाकी तपासली, इसारपत्रात लिहिली.
• सातबारा आणि नमुना ८ पाहिला.
• ताबा घेतला त्या दिवशीचं रीडिंग फोटोसह ठेवलं.
• नावबदल किंवा नव्या जोडणीचा अर्ज टाकला, पोच घेतली.
• अर्थिंग तपासून घेतलं.
• गॅस एजन्सीची चौकशी शेजारी केली, कनेक्शन हलवण्याचा कागद आणला.
• सौरचा विचार एक वर्षाची बिलं हाताशी आल्यावर.

नव्या घरात बरकत यावी म्हणून आपण पहिल्या दिवशी कुरआनखानी करतो, शेजाऱ्यांना खाऊ घालतो. त्याच आठवड्यात अर्धा दिवस काढून सालेकसाला चक्कर मारा आणि मीटर आपल्या नावावर करून घ्या. पुढची अनेक वर्षं त्या एका चकरेची आठवण येईल, आणि इन्शाअल्लाह समाधानानेच येईल.